कोपऱ्यातल्या खोट्या इशाऱ्यांचं मूळ: नागपुरातल्या एका सेवा केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या मानेवाडा भागातलं एक छोटं सेवा केंद्र. दोन संगणक, एक स्कॅनर-प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, केंद्र चालवणारा एक गृहस्थ आणि हाताशी एक मदतनीस. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, पॅनकार्ड, शिष्यवृत्ती आणि जून लागला की अकरावी-पदवीचे प्रवेश अर्ज. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेऱ्यांपर्यंत जायला नको म्हणून आसपासच्या वस्त्यांतले लोक इथंच येतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी दहाला रांग असते, ती दिवे लागेपर्यंत हटत नाही. ओळख पटेल असे तपशील इथं गाळले आहेत.

दोन्ही संगणकांवर विंडोज ११ आणि क्रोम. पहिल्यावर चालक बसतात. दुसऱ्यावर मदतनीस बसतो, आणि गर्दी वाढली की विद्यार्थी स्वतःच अर्ज भरायला बसतात. दोन्हीकडे क्रोममध्ये केंद्राचं एकच गूगल खातं उघडलेलं आणि, इतिहास सोडून, सिंक चालू, म्हणजे एका संगणकावरचे बदल खात्यामार्फत दुसऱ्यावरही जातात. लोक कागदपत्रांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यामुळे व्हॉट्सॲप वेब दिवसभर सुरू असतं आणि त्याचं नोटिफिकेशन आलं तरच काम पुढे सरकतं. ही शेवटची बाब वाचकाने लक्षात ठेवावी, कारण सोपे वाटणारे निम्मे उपाय तिथंच अडले.

अडचण

मे संपता संपता पहिल्या संगणकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकटी येऊ लागल्या. 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले', 'अँटिव्हायरसची मुदत आज संपली', 'तुमचं बँक खातं बंद होणार आहे', 'तुम्हाला बक्षीस लागलं आहे'. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन, मग तासाला दहा-बारा. सकाळी संगणक सुरू करून क्रोम उघडलं की रात्रभराच्या एकदम कोसळायच्या.

चालकांनी आपल्या परीने तीन गोष्टी केल्या. विंडोजच्या सुरक्षा प्रोग्रॅमने पूर्ण स्कॅन केला. काही निघालं नाही. क्रोमचा इतिहास पुसला. फरक पडला नाही. मग कोणीतरी सांगितलं म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडला. तरीही चौकटी येतच राहिल्या. इथं त्यांची खात्रीच पटली की हा स्कॅनलाही न सापडणारा एखादा चिवट व्हायरस आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. दाखल्यासाठी आलेल्या एका बाईंचा आधार क्रमांक चालक टाइप करत असताना कोपऱ्यात खातं बंद होण्याचा संदेश आला. बाई घाबरल्या. "भाऊ, माझंच खातं बंद होते का जी?" चालकांनी चौकट घाईघाईने बंद केली आणि काम पुढे नेलं.

तासाभराने ते जेवायला गेले असताना मदतनीस त्यांच्या खुर्चीवर होता. पुन्हा अँटिव्हायरसची चौकट आली. दादांचा त्रास मिटेल अशा भल्या हेतूनेच त्याने ती दाबली. एक पान उघडलं, खोटा स्कॅन धावला, लाल अक्षरं आली आणि ९९ रुपयांत नूतनीकरणाची ऑफर. त्याने स्वतःच्या डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आलाच नाही. आला तो बँकेचा एसएमएस: परदेशी व्यवहाराची सुविधा बंद असल्याने व्यवहार नाकारला.

त्या संध्याकाळी सीताबर्डीतल्या एका तंत्रज्ञाला बोलावलं गेलं. चालकांचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, फॉरमॅटच मारून द्या जी, एकदाचं."

हा व्हायरस का नव्हता

पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून इथं थोडं थांबायला हवं.

क्रोममध्ये पान बंद असतानाही वेबसाइटवरून नोटिफिकेशन पाठवण्याची सोय २०१५ साली, ४२ व्या आवृत्तीत आली. सोय चांगल्या कामासाठीच आहे. व्हॉट्सॲप वेबलाही नोटिफिकेशनची हीच परवानगी लागते. साइट परवानगी मागते, माणूस 'अलाऊ' दाबतो, आणि त्या साइटची एक छोटी स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये नोंदली जाते. तिला सर्व्हिस वर्कर म्हणतात. ब्राउझर त्या साइटला आपला एक पत्ता देतो. पुढे साइट तिचे संदेश ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे टाकते आणि तिथून ते या पत्त्यावर येतात. साइटचं पान उघडं असावं लागत नाही. संगणक बंद असेल तर संदेश वाट पाहत थांबतात. क्रोमच्या बाबतीत जास्तीत जास्त ४ आठवडे. सकाळच्या त्या लोंढ्याचं कारण हेच होतं.

म्हणजे संगणकात कुठलीही घातक फाइल नव्हती. कोणीतरी कधीतरी दिलेली परवानगी होती, आणि अँटिव्हायरस परवानगी शोधत नाही. स्कॅन स्वच्छ आला तो बरोबरच होता.

इतिहास पुसूनही काही का झालं नाही? इतिहास म्हणजे कुठं कुठं गेलो त्याची यादी. परवानग्यांची यादी वेगळी असते. आणि 'पाठवू देऊ नका' निवडूनही का चालू राहिलं? हा मुद्दा फार जणांना चकवतो. तो पर्याय फक्त नव्याने विचारणाऱ्या साइटसाठी आहे. ज्यांना आधीच परवानगी मिळाली आहे त्या त्याच पानावर खाली 'परवानगी असलेल्या' यादीत बसलेल्या असतात आणि त्यांना हा नियम लागत नाही. चालक अगदी योग्य पानावर पोचले होते. आणखी दोन बोटं खाली सरकवलं असतं तर तो त्रास त्याच दिवशी थांबला असता.

परवानगी मिळवण्याच्या क्लृप्त्या ठरलेल्या आहेत. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा', 'व्हिडिओ पाहायला अलाऊ दाबा', 'फाइल तयार आहे, डाउनलोडसाठी अलाऊ दाबा'. पान असं रचलेलं असतं की बाण नेमका ब्राउझरच्या त्या बटणाकडे दाखवतो. 'ब्लॉक' दाबलं तर तेच पान नावापुढे एखादा आकडा लावून दुसऱ्या पत्त्यावर उघडतं आणि पुन्हा विचारतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळून माणूस 'अलाऊ' दाबतो. फसव्या साइट्सच्या विनंत्या दाबून टाकायला क्रोमने २०२० पासून सुरुवात केली आहे, पण त्यासाठी ती साइट आधी फसवी म्हणून नोंदलेली असावी लागते, आणि ही मंडळी नवे पत्ते काढत राहतात.

विचारात घेतलेले पर्याय

फॉरमॅट. चालकांचा आग्रह यालाच होता. त्याने परवानग्या गेल्या असत्या हे खरं. पण डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, सगळं पुन्हा बसवायला किमान एक दिवस गेला असता, तोही ऐन गर्दीत. आणि त्या खात्याचं सिंक चालू असल्याने क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, खातं उघडताच परत आली असती. एक्स्टेन्शनचा संबंध काय, ते पुढे येतंच.

विकतचा अँटिव्हायरस. वर सांगितलेल्या कारणाने निरुपयोगी. शिवाय खोट्या चौकटी हेच विकत घ्या म्हणून ओरडत होत्या. घाबरून काहीतरी विकत घेणं हीच त्यांची कमाई.

दुसरा ब्राउझर. फायरफॉक्समध्ये नवीन विनंत्या सरसकट अडवण्याची खूण सेटिंग्जमध्येच आहे, हे चांगलं. पण केंद्राचं सहीचं काम क्रोमवर बसवलेलं होतं, आणि क्रोम संगणकावर राहिलं असतं तर त्यातल्या परवानग्याही राहिल्या असत्या.

विंडोजमधूनच क्रोमची नोटिफिकेशन्स बंद करणं. सेटिंग्ज, सिस्टीम, नोटिफिकेशन्स, तिथं गूगल क्रोमसमोरचं बटण बंद. दहा सेकंदांचं काम. पण व्हॉट्सॲप वेबही गप्प होतं आणि परवानग्या आत तशाच राहतात. तंत्रज्ञाने हा उपाय मुक्कामी नाही, पट्टी म्हणून वापरला: दुकानात सहा-सात जण उभे होते, म्हणून आधी हे बटण बंद करून लोकांसमोरचे खोटे इशारे थांबवले आणि खरं काम दुकान मिटल्यावर घेतलं. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. गर्दीत घाईने केलेली सफाई अर्धीच होते.

उरला तो पर्याय परवानग्यांची यादी साफ करून दार नीट लावण्याचा. तोच घेतला.

केलेली कामं

सर्वांत आधी कार्ड. मदतनीस म्हणत होता की पैसे गेलेच नाहीत, मग कार्ड कशाला बदलायचं. तंत्रज्ञ अडून बसला, आणि ते बरं झालं. आपल्याकडच्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागतो, पण परदेशी व्यापाऱ्याकडे अनेकदा नुसता क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच येतात. ते बटण बंद होतं म्हणूनच रक्कम वाचली. पण कार्डाची माहिती त्या लोकांकडे पोचली होतीच, आणि उद्या कोणी ते बटण चालू केलं असतं तर? बँकेच्या ॲपमधून कार्ड कायमचं बंद केलं, नव्याची मागणी केली. पैसे गेले असते तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा होता. इथं रक्कम गेली नसल्याने राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित वेबसाइट म्हणून त्या पानाचा पत्ता नोंदवला.

मग क्रोमच्या नोटिफिकेशन्सचं विंडोजमधलं बटण पुन्हा चालू करून, हो, मुद्दाम चालू करून, पुढची चौकट येण्याची वाट पाहिली. आली तेव्हा मोबाइलवर तिचा फोटो काढला. चौकटीत मजकुराशेजारी बारीक अक्षरात साइटचं नाव असतं. चित्र, शीर्षक, मजकूर साइट हवा तसा लिहू शकते, एखाद्या अँटिव्हायरसचं किंवा बँकेचं बोधचिन्ह लावू शकते. ते बारीक नाव मात्र ब्राउझर लिहितो, त्यात साइटचा हात पोचत नाही. कोण पाठवतंय याचं उत्तर पहिल्या दिवसापासून पडद्यावरच होतं.

त्यानंतर यादी. क्रोमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातले तीन टिंब, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. पान खाली सरकवलं तर परवानगी असलेल्या यादीत पहिल्या संगणकावर २३ साइट्स. ओळखीच्या दोनच: व्हॉट्सॲप वेब आणि ईमेल. उरलेल्या २१ मध्ये १४ एकाच मूळ नावाच्या, पुढे वेगवेगळे आकडे लावलेल्या. दुसऱ्या संगणकावर ९.

प्रत्येक नावासमोरच्या तीन टिंबांत 'ब्लॉक' आणि 'रिमूव्ह' असे दोन पर्याय मिळतात, आणि दोन्ही एक नव्हेत. 'रिमूव्ह' केलं की साइट यादीतून जाते, पण पुन्हा भेट झाली तर नव्याने विचारू शकते. 'ब्लॉक' केलं की तिला विचारताही येत नाही. एकेकट्या साइट्स काढून टाकल्या, आकडेवाल्या १४ नोंदीही, कारण नेमक्या पत्त्याला दिलेली परवानगी सरसकट मनाईपेक्षा वरचढ ठरते. मग त्या टोळीसाठी अडवलेल्या यादीत 'ॲड' दाबून मूळ नावच टाकलं, पण नावाआधी चौकोनी कंसात तारांकन आणि टिंब लिहून. असं लिहिलं की त्या मूळ नावाखालचे सगळे पत्ते, आजचे आणि उद्याचे, एकाच नोंदीत अडतात. एकेक करून १४ अडवले असते तर पंधरावा मोकळाच राहिला असता.

वरचा 'पाठवू देऊ नका' हा पर्याय तसाच ठेवला. आता तो खरोखर कामाचा झाला होता. सेटिंग्जमधल्या सिस्टीम भागातलं, क्रोम बंद केल्यावरही मागे प्रोग्रॅम चालू ठेवण्याचं बटण बंद केलं. विंडोजसोबत येणाऱ्या एजमधलीही यादी पाहिली. तिथं एकच अनोळखी नाव होतं, तेही काढलं.

दुसऱ्या संगणकावर लक्षण थोडं वेगळं होतं. तिथं चौकटी कमी, पण मधूनच नवा टॅब आपोआप उघडायचा आणि शोध दुसऱ्याच पानावर जायचा. नोटिफिकेशन असं करत नाही. चौकट साइटचं नाव घेऊन येते आणि दाबल्याशिवाय काही उघडत नाही. आपोआप टॅब उघडत असतील तर आधी एक्स्टेन्शन्स पाहावीत. तीन टिंब, एक्स्टेन्शन्स, मॅनेज. पीडीएफ बदलून देण्याच्या नावाचं एक एक्स्टेन्शन सापडलं, आणि त्याच्या तपशिलात परवानगी लिहिली होती: सर्व वेबसाइट्सवरचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे.

आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत गंभीर शोध हा होता. चौकटी गोंगाट करत होत्या म्हणून सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे. हे एक्स्टेन्शन शांत होतं. ज्या संगणकावर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, खाते क्रमांक टाइप होतात, तिथं पानावरचं सगळं वाचू शकणारा अनोळखी प्रोग्रॅम बसला होता. त्याने काही पळवलं का हे संगणकावरून ठरवता येत नाही. म्हणून पळवलंच असेल असं धरून चालायचं ठरलं: एक्स्टेन्शन काढलं, सिंकमुळे पहिल्या संगणकावर ते उरलं नाही याची खात्री केली, आणि मगच पहिल्या संगणकावरून केंद्राच्या पोर्टलचे, ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदलले. हा क्रम महत्त्वाचा. आधी पासवर्ड बदलून मग एक्स्टेन्शन काढणं म्हणजे नवी किल्लीही चोरासमोरच बनवणं.

परत आल्या

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पहिल्या संगणकावर पुन्हा चौकट. चालकांचा फोन गेला, आवाजात 'सांगितलं होतं ना फॉरमॅट करा' हा सूर.

कारण साधं निघालं. क्रोममध्ये दोन प्रोफाइल होती, म्हणजे दोन जणांची वेगवेगळी खाती आणि सेटिंग्ज. मदतनीसाने काही महिन्यांपूर्वी स्वतःचं ईमेल पाहायला पहिल्या संगणकावर आपलं प्रोफाइल तयार केलं होतं. परवानग्यांची यादी दर प्रोफाइलची वेगळी असते. आदल्या रात्री साफ केली ती केंद्राच्या प्रोफाइलची. मदतनीसाने सकाळी आपलं प्रोफाइल उघडलं आणि त्यातल्या चार साइट्स जाग्या झाल्या. क्रोमच्या वरच्या पट्टीतल्या गोल चित्रावर टिचकी मारली की सगळी प्रोफाइल दिसतात. ही तपासणी आदल्या रात्रीच व्हायला हवी होती.

इथं निर्णयाची खरी वेळ आली. माणसं बदलतात, विद्यार्थी बसतात, कोणी नवं प्रोफाइल काढेल. प्रत्येकाच्या मागे लागून यादी साफ करणं अशक्य. म्हणून नियम माणसाच्या नाही, यंत्राच्या पातळीवर लावला. विंडोजच्या रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथं साठवतं त्या नोंदवहीची, आधी प्रत काढून ठेवली. मग स्थानिक यंत्राच्या विभागात सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम अशी वाट तयार करून 'डिफॉल्टनोटिफिकेशन्ससेटिंग' या नावाची ३२ बिटची डीवर्ड (आकडा साठवणारी) नोंद केली, किंमत २. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहायचं. २ म्हणजे सर्वांना मनाई. त्याच ठिकाणी 'नोटिफिकेशन्सअलाउडफॉरयूआरएल्स' हा उपविभाग (सबकी) करून त्यात १ या नावाने व्हॉट्सॲप वेबचा पूर्ण पत्ता लिहिला. क्रोमच्या पॉलिसी, म्हणजे यंत्रभर लावलेल्या नियमांच्या, पानावर 'रीलोड' दाबून दोन्ही नोंदी लागू झाल्याचं पाहिलं. व्हॉट्सॲपवर एक चाचणी संदेश पाठवला, तो कोपऱ्यात दिसला. मदतनीसाला आणि ग्राहकांना साधं विंडोज खातं करून दिलं. प्रशासकाचा पासवर्ड चालकांकडे. विद्यार्थी स्वतः बसतात तेव्हा क्रोमचं गेस्ट मोड उघडायचं, खिडकी बंद केली की क्रोममध्ये मागे काही उरत नाही.

एक सावधगिरी. अशी पॉलिसी लावली की क्रोमच्या मेनूत 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' असं वाक्य दिसू लागतं. आपण स्वतः काही न लावता ते दिसत असेल तर ते घातक प्रोग्रॅमचं लक्षण असू शकतं. इथं ते आपणच लावलं आहे हे तारखेसह कागदावर लिहून संगणकाच्या कपाटात आतून चिकटवलं, नाहीतर पुढच्या तंत्रज्ञाने व्हायरस समजून तेच काढून टाकलं असतं.

शिरकाव कुठून झाला

पहिल्या संगणकाचा इतिहास चालकांनी पुसला होता, त्यामुळे तिथला माग संपला. दुसऱ्यावर कंट्रोल आणि एच दाबून इतिहासात फसव्या साइटचं नाव शोधलं. क्रोम ९० दिवसांचा इतिहास दाखवतं. पहिली भेट मे महिन्यातली. तिच्या लगेच आधीचं पान: फोटोचा आकार कमी करून देणारी एक फुकट साइट.

सेवा केंद्रात बसणाऱ्या कोणालाही हे लगेच उमजेल. अर्जाला फोटो ५० केबीच्या आत हवा, सही २० केबीच्या आत हवी, पीडीएफ इतक्याच केबीची हवी. मोबाइलचा फोटो असतो ३-४ एमबीचा. मग 'फोटो ५० केबी' असं शोधायचं आणि येईल त्या साइटवर जायचं. अशा पानांवर खऱ्या डाउनलोड बटणाभोवती तशीच दिसणारी तीन-चार जाहिरातींची बटणं असतात. त्यातल्या एकाने फसव्या पानावर नेलं, तिथं 'फाइल तयार आहे, अलाऊ दाबा'. अर्ज भरायची शेवटची तारीख समोर असताना कोण थांबून विचार करणार? आणि दुसरा धोका वेगळाच: लोकांचे फोटो, सह्या, दाखले आपण अनोळखी सर्व्हरवर चढवत होतो.

म्हणून ती गरजच काढून टाकली. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा फोटो २०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २०० ठिपक्यांना, २७६ बाय ३५४ पिक्सेलचा होतो, आणि तेवढा जेपीजी बहुतेक वेळा ५० केबीच्या आतच बसतो. विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये 'रीसाइझ इमेज' आहे. त्यात पिक्सेल टाकता येतात, दर्जाची पट्टी सरकवता येते आणि नवा आकार किती केबी होईल तेही समोर दिसतं. पीडीएफसाठी स्कॅनरची मूळ सेटिंग ३०० डीपीआय रंगीत होती. दाखल्यांसाठी १५० डीपीआय ग्रेस्केल केली. डीपीआय निम्मं झालं की पिक्सेल एक चतुर्थांश होतात, आणि छापील दाखला तरी स्वच्छ वाचता येतो. रोज लागणारी सरकारी पोर्टलं बुकमार्कच्या पट्टीवर लावली, म्हणजे दरवेळी शोधून जाहिरातीतून जायला नको.

चालकांच्या फोनवरही अशाच चौकटी होत्या. अँड्रॉइडवर चौकट थोडा वेळ दाबून धरली की ती कोणत्या ॲपची, कोणत्या साइटची ते कळतं आणि तिथंच बंद करता येते. त्यांच्या चारपैकी तीन क्रोममधल्या साइट्सच्या होत्या. चौथी क्रोमची नव्हतीच, ती फोटो लहान करणाऱ्या एका ॲपची होती. ते ॲपच काढलं. फोनवर क्रोमशिवाय उत्पादकाने दिलेला ब्राउझरही असतो, त्याचीही यादी वेगळी. आयफोनवर हा प्रकार फार कमी, कारण होमस्क्रीनवर जोडलेल्या वेब ॲपशिवाय साइटला नोटिफिकेशन पाठवताच येत नाही. तिथं असे संदेश दिसले तर बहुधा कॅलेंडरमध्ये शिरलेलं एखादं सबस्क्रिप्शन असतं.

निकाल

दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा दोन्ही संगणकांवर परवानगी असलेल्या यादीत व्हॉट्सॲप वेब एवढंच नाव होतं. मदतनीसाच्या जुन्या कार्डावर दुसऱ्याच आठवड्यात आणखी दोन परदेशी व्यवहारांचे प्रयत्न झाले. कार्ड बंद असल्याने ते फसले. मुख्य काम दोन संध्याकाळी मिळून साधारण पाच तासांत झालं. दुकान एक दिवसही बंद ठेवावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चालकांनी इतिहास पुसायच्या आधी एक फोटो काढला असता तर पहिल्या संगणकाचाही माग लागला असता. असा त्रास सुरू झाला की आधी नोंद, मग सफाई.

तंत्रज्ञाने पहिल्या रात्री प्रोफाइल मोजायला हवी होती. त्याच्याकडून दुसरीही एक चूक झाली: एक्स्टेन्शनचं पूर्ण नाव आणि ओळख क्रमांक टिपण्याआधीच त्याने ते काढलं, त्यामुळे त्याची तक्रार करता आली नाही.

मदतनीसाला कोणी रागावलं नाही, आणि ते फार बरोबर झालं. त्याने एसएमएस आल्याबरोबर सगळं सांगितलं म्हणूनच कार्ड त्याच संध्याकाळी बंद झालं. रागावणी झाली असती तर पुढच्या वेळी तो लपवेल, आणि लपवलेल्या प्रत्येक तासाची किंमत खात्यातून जाते.

पण सगळ्यांत जास्त टोचणारी चूक संगणकाची नव्हती. खातं बंद होण्याचा संदेश पाहून घाबरलेल्या त्या बाईंना दुकानात कोणीही सांगितलं नाही की हा संदेश तुमचा नाही, खोटा आहे. चौकट बंद केली, दाखल्याची पावती दिली, पुढचा माणूस घेतला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरी बुडवून बँकेच्या शाखेत गेल्या आणि दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. दाखला न्यायला आल्या तेव्हा हे कळलं.

आता दोन्ही संगणकांच्या कडेला मोठ्या अक्षरात एक कागद आहे: 'स्क्रीनवर बँकेचा, बक्षिसाचा किंवा व्हायरसचा संदेश दिसला तर तो तुमच्यासाठी नाही. बोट दाखवा, आम्हाला सांगा.' ज्यांना वाचता येत नाही त्यांना मदतनीस खुर्चीवर बसवतानाच तो वाचून दाखवतो.